चाळिशीनंतर हाती घेतलेला पाना

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभा करायला घेतला, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. मुंबईतली शिक्षकाची नोकरी, १८८८ साली बेळगावात काढलेलं सायकलचं दुकान, लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवण्यात घालवलेली वर्षं, हे सगळं मागं टाकून ते औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या त्या ओसाड जागेवर आले. आज त्या जागेला किर्लोस्करवाडी म्हणतात. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव मोटरसायकलवरच्या पुस्तकात कशाला, असं कुणी विचारेल. सांगलीच्या मातीत चाळिशीच्या माणसानं लोखंडाला हात घालणं नवं नाही, आणि त्या इतिहासाची एक वाट दुचाकीच्या दुकानातून जाते, एवढं मला आधीच सांगून ठेवायचं आहे.

हे पुस्तक अशा लोकांसाठी आहे, ज्यांनी चाळीस-पन्नासच्या दरम्यान कधीतरी ठरवलं की आता एक मोटरसायकल स्वतः उभी करायची. कुणाची मुलं शिकायला पुण्याला गेली, कुणाचं घराचं कर्ज फिटलं, कुणाच्या परड्यात वडिलांची येझदी गोणपाटाखाली उभी होती. शिराळ्यात, कोकरूडला, पेठ नाक्यावर असे लोक आता सहज भेटतात. त्यात शिक्षक आहेत, साखर कारखान्यातले फिटर आहेत, बँकेतले आहेत, शेतकरी तर आहेतच. त्यांच्या हातात मराठीत देता येईल असं काही नव्हतं, म्हणून हा खटाटोप.

कंपनीतून आलेली गाडी सगळ्यांसाठी सारखी असते. ती एका माणसाच्या उंचीला, रस्त्याला आणि कामाला बसेल अशी बदलणं म्हणजे कस्टम काम. यात सीट आणि हँडल बदलण्यापासून टाकी पत्र्यातून नव्यानं ठोकून काढण्यापर्यंत, आणि पुढं चेसिसच नळ्या वाकवून तयार करण्यापर्यंत सगळं येतं. पहिली पायरी एका रविवारची आहे. शेवटची पायरी काही लोकांना आयुष्यभर पुरते.

जगात याचे जे प्रकार रूढ झाले त्यांची ओळख थोडक्यात करून देतो, कारण ही नावं पुढं सतत येतील. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेत तरुणांनी जड गाड्यांचे मडगार्ड कापून, अनावश्यक भाग काढून त्या हलक्या केल्या. तो बॉबर. साठच्या दशकात तिथंच पुढचे शॉकअप लांबवून, हँडल उंच करून चॉपर आला आणि १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटानं तो जगभर पोचवला. त्या चित्रपटातल्या गाड्या घडवणारे बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉज हे कृष्णवर्णीय कारागीर होते. त्यांची नावं कित्येक वर्षं कुणी घेतली नाहीत, म्हणून इथं घेतो. इंग्लंडमध्ये पन्नास-साठच्या दशकांत लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पोरांनी हँडल खाली आणलं, पाय मागं घेतले आणि वेग वाढवला. तो कॅफे रेसर. नॉर्टनच्या चेसिसमध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून केलेली ‘ट्रायटन’ ही त्यातली सगळ्यात गाजलेली जोडणी. कच्च्या रस्त्यासाठी उंच सायलेन्सर आणि जाड टायर लावला की तो स्क्रॅम्बलर. जपानच्या शिन्या किमुरांनी नव्वदच्या दशकात झीरो इंजिनिअरिंगमधून दाखवून दिलं की हातोडीच्या खुणा न लपवताही गाडी देखणी होते. जगात एवढ्या शाळा आहेत. त्यांचे फोटो पाहून गाडी करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात गैर काही नाही. पण आपली शाळा वेगळी आहे. तिच्याकडं आपलंच लक्ष गेलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं आपल्याकडं गाड्या मोजक्याच मिळायच्या. मद्रासला १९५५ पासून बुलेट, म्हैसूरला १९६१ पासून जावा आणि पुढं येझदी, एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची राजदूत. आपल्या शेजारी साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात प्रिया स्कूटर तयार व्हायची. गाडी नंबर लावून घ्यायची, आणि एकदा घेतली की वीस-तीस वर्षं चालवायची. सुटे भाग मिळायचे नाहीत, मिळाले तर परवडायचे नाहीत. या टंचाईनं एक माणूस घडवला, तो म्हणजे मेस्त्री. सकाळी विहिरीवरचं ऑइल इंजिन, दुपारी उसाच्या गुऱ्हाळाचा चरक, संध्याकाळी बुलेट. तीनही कामांना त्याचे पाने तेच आणि कानही तोच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि लेथ होतेच. बुश झिजला तर नवा बुश टर्न करून आणायचा, आटे गेले तर भोक मोठं करून पुढच्या मापाचे आटे मारायचे. ‘हे मिळत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडी नसायचं.

वारणा खोऱ्यात सहकारी दूध संघ वाढले तशी राजदूत दुधाची गाडी झाली. तिच्या दोन्ही बाजूंना कॅन टांगण्यासाठी अँगलचं स्टँड, मागं जास्तीचे पट्टे, उसाच्या चिखलात अडकू नये म्हणून उचललेला मडगार्ड. हे काम कुणी कस्टम म्हणून केलं नाही. गरज म्हणून केलं, आणि उत्तम केलं. त्यातली वजनाची विभागणी आजही अभ्यासण्यासारखी आहे. कॅन भरलेला असताना आणि रिकामा असताना गाडी सारखीच सरळ चालली पाहिजे, हा हिशोब त्या फॅब्रिकेटरनं कागद न घेता केलेला असे.

या शाळेतलं सगळ्यात धाडसी काम म्हणजे डिझेल बुलेट. ज्या घराण्यातली छोटी डिझेल इंजिनं शेतावर पाणी उपसायची, तसलंच इंजिन बुलेटच्या चेसिसमध्ये बसवायचं आणि तिच्याच गिअरबॉक्सला जोडायचं. वेग कमी, थरथर भरपूर, पण खर्चाला अशी की मालक खूश. गॅरेजांतून सुरू झालेली ही कल्पना नव्वदच्या दशकात खुद्द एनफिल्ड कंपनीनं उचलली आणि ३२५ सीसीचं डिझेल इंजिन असलेली टॉरस बाजारात आणली. गल्लीतल्या मेस्त्रीनं आधी करून दाखवलं आणि कारखाना मागून आला. सौराष्ट्रातल्या अमरेलीच्या मनसुखभाई जगाणींनी बुलेटला मागं अवजारं जोडून शेत नांगरणारी ‘बुलेट सांती’ केली, तीही याच घराण्यातली. माझं स्पष्ट मत आहे, की भारतीय कस्टम कामाचा इतिहास लिहायचा तर तो चॉपरपासून सुरू करता येणार नाही. तो डिझेल बुलेटपासून आणि दुधाच्या राजदूतपासून लिहावा लागेल.

आपल्याच जिल्ह्यातलं ताजं उदाहरण देवराष्ट्रेचं आहे. यशवंतराव चव्हाणांच्या या जन्मगावातल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले आणि दुचाकीचे भाग जोडून एक छोटी चारचाकी केली. तिला किक मारून सुरू करायचं. २०२१ च्या अखेरीस तिचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच वेळी हेही सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल. त्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि २०२२ च्या जानेवारीत ती लोहार कुटुंबाकडं आली. हाताला एवढं येत असताना रस्त्याचे नियम आड येतात, ही अडचण या छंदाच्या प्रत्येक माणसासमोर उभी राहते. तिच्याकडं पुढं येतोच.

गेल्या वीस वर्षांत हे काम शहरात व्यवसाय म्हणून उभं राहिलं. मुंबईत अक्षय वर्दे यांची वर्देंची मोटरसायकल्स, जयपूरला राजपुताना कस्टम्स, पुण्यात बुलेटसाठी तयार संच करणारं ऑटोलॉग डिझाइन ही त्यातली ठळक नावं. २०१३ पासून गोव्यात भरू लागलेल्या इंडिया बाइक वीकनं अशा गाड्यांना लोकांसमोर उभं राहायला जागा दिली. २०१८ मध्ये रॉयल एनफिल्डची ६५० सीसीची दोन सिलिंडरची जोडी आली आणि त्याच वर्षी जावा परत आली. या गाड्यांनी बांधणाऱ्यांना नवा कच्चा माल दिला. शहरातल्या या स्टुडिओंचं फिनिशिंग अप्रतिम असतं आणि त्यातून शिकण्यासारखं खूप आहे. पण पैसे देऊन करून घेतलेली गाडी आणि स्वतः केलेली गाडी यांच्या वाटा वेगळ्या. हे पुस्तक दुसऱ्या वाटेवरचं आहे.

आता वयाचं. हा छंद चाळिशीनंतर घेण्यात तोटे आहेत, ते लपवत नाही. कार्ब्युरेटरचा जेट चष्म्याशिवाय दिसत नाही. इंजिन एकट्यानं उचललं तर कंबर आठवडाभर बोलते. बुलेटची किक उलटी आली तर पोटरीला विसाव्या वर्षी जे झालं असतं त्याहून जास्त होतं. पण या कामाला जे खरं लागतं ते बहुतेकांना याच वयात मिळतं. विसाव्या वर्षी गाडी लवकर रस्त्यावर आणायची घाई असते, त्या घाईत अर्धवट कसलेला नट तसाच राहतो. पंचेचाळिशीतला माणूस एखादा आटा बसत नसेल तर चहा घेऊन परत येतो. चूक मान्य करून उसवून पुन्हा शिवण्याची तयारी त्याच्यात असते. आणि घरी वाट पाहणारी माणसं असल्यामुळं ब्रेकवर खर्च करायला तो मागंपुढं पाहत नाही.

बाहेरच्या जगातले दोन दाखले देतो. न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी १९२० सालच्या इंडियन स्काऊटवर आयुष्यभर काम केलं. पिस्टनसुद्धा ते घरीच ओतायचे. वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६७ मध्ये, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी हजार सीसीच्या आतल्या गटात ताशी २९५ किलोमीटरच्या आसपासचा विक्रम केला. दुसरे रॉबर्ट पिरसिग. चाळिशीला टेकलेले असताना, १९६८ मध्ये, ते मुलाला मागं बसवून होंडाच्या ३०५ सीसी गाडीवर निघाले आणि त्या प्रवासातून १९७४ चं ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ आलं. यंत्राची देखभाल आणि माणसाचं चित्त एकच गोष्ट आहे, असं ते पुस्तक मांडतं. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या मेस्त्रीला हे मान्य होईल.

तंत्राच्या बाबतीत नवख्यानं सगळ्यात आधी चेसिस समजून घ्यावी, इंजिन नंतर. लोक उलटं करतात, कारण इंजिनाचा आवाज येतो आणि चेसिसचा येत नाही. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं तो दांडा तिरपा असतो. त्याची रेघ जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथं टेकतो त्याच्या थोडी पुढं पोचते. या अंतराला ट्रेल म्हणतात. चॉपरसारखा तिरपेपणा वाढवला की ट्रेल वाढतो. गाडी सरळ रस्त्यावर स्थिर धावते, पण हळू वेगात वळायला जड होते. पुढचा भाग जास्त खाली घेतला की ट्रेल कमी होतो आणि गाडी हँडलला चंचल होते. अमेरिकेच्या सरळ महामार्गासाठी केलेली मापं आंबा घाटातल्या वळणांवर किंवा गुढे पाचगणीच्या पठाराकडं चढणाऱ्या रस्त्यावर का चालत नाहीत, याचं उत्तर इथं आहे. जुन्या बुलेटला तर पुढची एकच नळी खाली येते आणि इंजिन स्वतःच चेसिसचा भाग म्हणून भार घेतं. मागची बाजू कापून बॉबरची गोल नळी जोडायची असेल तर शॉकअपचा भार कुठं जातो ते आधी पाहावं. जोडाच्या आत नळीचा तुकडा घालून मगच वेल्डिंग करावं आणि ते ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याकडूनच करावं. बाहेरून सुंदर दिसणारा जोड आतून फक्त चिकटलेला असू शकतो. ग्राइंडर फिरवून रंग मारला की काहीच कळत नाही, आणि कळतं तेव्हा गाडी वेगात असते.

कायद्याचं प्रकरण टाळून पुढं जाणारी पुस्तकं मी पाहिली आहेत. हे तसं नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. इंजिन बदलायचं तर आरटीओची पूर्वपरवानगी लागते, रंग बदलला तरी नोंद करावी लागते. कर्कश सायलेन्सरचा प्रश्न तर कायद्याच्याही आधी शेजारधर्माचा आहे. रात्री गावातून फटाके फोडत जाणाऱ्या गाडीनं या सगळ्या छंदाचं जेवढं नुकसान केलं तेवढं पोलिसांनी केलेलं नाही.

यातून दोन वाटा निघतात. एक, गाडी मूळ रूपात परत आणणं. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी आणि ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक दिला आहे. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी त्यात बसत नाही. म्हणून वडिलांची जुनी जावा हातात असेल तर करवत उचलण्यापूर्वी तिचं वय मोजा. दुसरी वाट, नियमात बसणारे बदल रस्त्यासाठी करायचे आणि मोठं काम खासगी जागेसाठी, प्रदर्शनासाठी ठेवायचं. शिराळकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली न्यायालयाचे आदेश आले तेव्हा नागपंचमीला जिवंत नाग पकडून पूजण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रथेलाही चौकट पडली. त्याचं दुःख गावाला झालं, आणि सण तरीही टिकला.

हे सगळं आत्ताच लिहायची घाई का? १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे निकष आले आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. आता बिघाड स्कॅनर जोडून पाहतात. हवा स्वच्छ राहावी यासाठी हे आवश्यकच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्लगच्या रंगावरून पेट्रोल-हवेचं प्रमाण सांगणारा, फीलर गेज नसताना व्हिजिटिंग कार्ड घालून पॉइंटचा गॅप बसवणारा, सायकलच्या रिमसारखा बुलेटचा रिम आरे कसून डोळ्यानं सरळ करणारा मेस्त्री आता साठी-सत्तरीत आहे. त्याच्या मुलानं मोबाइलचं दुकान टाकलं आहे. त्याच्याकडची विद्या तोंडी आहे, मराठीत आहे आणि कुठंही नोंदलेली नाही. ती घेऊ शकणारा विद्यार्थी विशीतला उरलेला नाही. तो पंचेचाळिशीतला आहे, ज्यानं लहानपणी त्याच गॅरेजच्या पायरीवर बसून वडिलांची गाडी दुरुस्त होताना पाहिली होती. मधल्या वयातल्या या माणसांचा छंद मला एवढा महत्त्वाचा वाटतो, तो यासाठी. जुन्या हातांतून पुढच्या हातांत जाण्यासाठी या विद्येला सध्या तरी दुसरा पूल नाही.

म्हणून या पुस्तकात गॅरेजची भाषा तशीच ठेवली आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यातले मेस्त्री, टर्नर, रंगारी यांच्याकडून कामाच्या पद्धती समजून घेतल्या आणि त्यांना जिथं शास्त्राची जोड देता आली तिथं दिली. जिथं मेस्त्रीची रीत आणि कंपनीच्या मॅन्युअलमधली रीत वेगळी पडते, तिथं दोन्ही दिल्या आहेत आणि सुरक्षिततेचा प्रश्न असेल तिथं मॅन्युअलची बाजू घेतली आहे. चकचकीत फोटोंचा मोह टाळला, मापांच्या आकृत्यांना जागा दिली. घराजवळच्या छोट्या पत्र्याच्या शेडमध्ये, साध्या हत्यारांवर आणि गरजेला पेठ नाक्यापर्यंत जाऊन लेथवर करून आणता येईल, एवढंच काम यात धरलं आहे. ज्याला याहून पुढं जायचं त्यानं एखाद्या चांगल्या फॅब्रिकेटरकडं काही महिने उमेदवारी करावी. पुस्तकानं वेल्डिंग येत नाही.

वाचकाला दोन विनंत्या. काम सुरू करण्यापूर्वी आरसी बुक शोधा. तीन अक्षरांच्या जुन्या नंबरच्या गाडीचे कागद गहाळ असतील तर आधी सांगलीच्या आरटीओत जाऊन ते मार्गी लावा, मगच पहिला नट खोला. आणि आपल्या गावचा जुना मेस्त्री अजून दुकानात येत असेल, तर या आठवड्यातच वही घेऊन त्याच्याकडं जा. या पुस्तकात काही चुकलं असेल तर तेही त्याच्याकडूनच तपासून घ्या आणि मला कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.